कोरडा हिवाळा, फटींचं घर आणि फर्नेसला जोडायचा ह्युमिडिफायर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसच्या पश्चिमेच्या उपनगरात १९९४ सालचं घर, तळघर धरून २,४०० चौरस फूट, घरात चार माणसं. हिवाळ्यात मुलाचा घोळणा फुटतो, तुमच्या हातांना भेगा पडतात, लाकडी फरशीच्या पट्ट्यांमध्ये फटी दिसू लागतात. जानेवारीत मीटरवर १७-१८ टक्के आर्द्रता. जुना फर्नेस, म्हणजे घरभर गरम हवा पाठवणारी गॅसची भट्टी, बदलायचाच आहे आणि बसवणारा म्हणतोय की ८०० डॉलर जादा द्या, सगळ्या घराला पुरेल असा ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) लावून देतो, मग घर मस्त ४५ टक्क्यांवर राहील. त्यात एक कोडं असं की हवा इतकी कोरडी असूनही झोपायच्या खोल्यांच्या काचांना सकाळी खालच्या कडेला पाणी असतं. आणि शेवटी तबल्याचं काय करायचं, हा प्रश्न.

याच भागात गेली बरीच वर्षं फर्नेस, डक्ट (खोल्याखोल्यांत हवा नेणारे पत्र्याचे मार्ग) आणि घरातल्या वायुविजनाचं काम करते, त्यामुळे आधी निकाल सांगते. फर्नेस बदला. ह्युमिडिफायरसाठी जागा, निचरा आणि वायर यांची सोय आत्ताच करून घ्या, पण यंत्र लगेच लावू नका. आधी घराच्या फटी बुजवा, मग पुन्हा मीटर बघा. आणि ४५ टक्क्यांचा विचार सोडून द्या. कडाक्याच्या थंडीत हा आकडा तुमच्या घराला झेपणार नाही.

हवा कोरडी होते कशाने? ‘फर्नेस हवा सुकवतो’ असं सगळे म्हणतात, पण फर्नेस हवेतलं पाणी काढून घेत नाही. बाहेर उणे १८ सेल्सियस, म्हणजे शून्य फॅरनहाइट असताना हवेत फारसं पाणी मावतच नाही. ती हवा आत येऊन २१ अंशांना तापली की तिच्या एका घनमीटरमध्ये एक ग्रॅमहूनही कमी बाष्प असतं, आणि २१ अंशांच्या हवेत मावू शकतं सुमारे १८ ग्रॅम. म्हणजे झाले जेमतेम ५ टक्के. घरातली हवा याहून जितकी दमट असते तेवढा ओलावा आपणच घालत असतो: श्वास, घाम, आंघोळी, भांडी, झाडं, कुकर. चार माणसांच्या घरात हे दिवसाला साधारण ८ ते १० लिटर पाणी होतं. आपल्याकडे रोज वरण-भात, उसळी शिजतात, तेव्हा मी ९ धरते.

आता तुमच्या घराचा हिशेब. ८ फुटांच्या छताने घरात सुमारे ५४० घनमीटर हवा आहे. घर फटींचं असेल आणि दर तासाला त्यातली निम्मी हवा बदलत असेल, तर उणे १८ च्या दिवशी ३० टक्के आर्द्रता टिकवायला दिवसाला ३० लिटर पाणी लागेल. घरचे ९ वजा केले तरी वीसेक लिटर कमी पडतात. तेच घर घट्ट असेल आणि तासाला फक्त १५ टक्के हवा बदलत असेल, तर लागतात ९ लिटर. म्हणजे घरात जेवढा ओलावा तयार होतो तेवढाच. अशा घराला ह्युमिडिफायर लागत नाही, उलट कधीकधी पंखा लावून ओलावा बाहेर काढावा लागतो. जानेवारीत इथलं सरासरी तापमान उणे ९ च्या आसपास असतं. त्या थंडीत चार माणसांच्या घरात १७ टक्के दिसतात याचा अर्थ तुमची हवा तासाला निम्म्याच्या जवळपास बदलते आहे. मीटर आर्द्रता दाखवतोय खरा, पण मी तो आकडा फटींचा म्हणून वाचते.

पैशाचं गणितही याच बाजूने बोलतं. ते कमी पडणारं २० लिटर पाणी हवेत मुरवायला रोज अर्धा थर्म (गॅसच्या बिलावरचं एकक) गॅस जातो. पण कोरडेपणा घेऊन आत शिरणारी तीच हवा तापवायला रोज सुमारे ३ थर्म जातात. ह्युमिडिफायर या तीन थर्ममध्ये काहीच वाचवत नाही, वर अर्धा वाढवतो. ‘दमट हवा ऊबदार वाटते, म्हणून थर्मोस्टॅट खाली आणता येतो आणि बिल कमी होतं’ हे विक्रीच्या पत्रकावर असतंच. ऊब थोडी जास्त वाटते हे खरं. बचतीचं मी कुणाला आश्वासन देत नाही.

मीटरवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. स्वस्त मीटर पाच टक्क्यांनी इकडेतिकडे सहज असतात. एका छोट्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्याचा ओला चिखल होईल एवढेच पाण्याचे थेंब घाला, मीटरसकट घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. ७० दिसले तर तुमचा मीटर पाचने कमी सांगतोय. तो खिडकीत किंवा व्हेंटसमोर (गरम हवा येते त्या जाळीसमोर) न ठेवता आतल्या भिंतीजवळ, खांद्याच्या उंचीवर ठेवा.

आता फटी कुठे असतात ते बघू, कारण इथेच सगळं ठरतं. लोक खिडक्यांना पट्ट्या लावत बसतात, पण हवा मुख्यतः वरून जाते आणि खालून येते. गरम हवा वर चढून छताखालच्या माळ्यात, म्हणजे अ‍ॅटिकमध्ये शिरते: अ‍ॅटिकच्या झडपेच्या कडेने, छतात बसवलेल्या दिव्यांच्या डब्यांतून, बाथरूमच्या पंख्याभोवतालून, नळाचे पाइप ज्या पोकळीतून वर जातात तिथून. तिची जागा घ्यायला तळघराच्या वरच्या कडेने, पाया आणि लाकडी चौकट जुळते तिथून, थंड हवा ओढली जाते. म्हणून काम अ‍ॅटिकची जमीन आणि तळघराची कड या दोन ठिकाणी करायचं. ब्लोअर डोअर चाचणी करून घ्या: दारात मोठा पंखा लावून घरात ५० पास्कल दाबाचा फरक करतात आणि तासाला किती वेळा हवा बदलते ते मोजतात. मिनेसोटात २०१५ पासून नव्या घरांना हा आकडा ३ च्या आत असावा लागतो. तुमच्या काळातल्या घरांत ६-७ दिसले तर नवल नाही, आणि त्याहून जास्तही दिसतात. गॅस आणि वीज कंपन्यांमार्फत ही तपासणी सवलतीत होते, चौकशी करा.

फटींखेरीज ओलावा पळवणाऱ्या दोन-तीन गोष्टी घरोघर सापडतात. जुना फर्नेस जळण्यासाठी घरातलीच हवा घेतो आणि चिमणीतून बाहेर सोडतो, म्हणजे तेवढी थंड हवा फटींतून आत येणारच. नवा घेताना बाहेरून हवा घेणारा, दोन पाइपांचाच घ्या. काही बसवणारे एकच पाइप टाकून हवा तळघरातून घेऊ देतात, तसं चालवून घेऊ नका. बाथरूमचा पंखा कुणी सतत चालू ठेवलाय का बघा. घरात एचआरव्ही (शिळी हवा बाहेर टाकून ताजी आत घेणारं यंत्र) असेल तर तो उष्णता परत देतो पण ओलावा बाहेर टाकतो. हिवाळ्यात त्याचा वेग कमी करा. पुढेमागे बदलायची वेळ आली तर त्याचाच ईआरव्ही हा प्रकार घ्या, त्यात थोडा ओलावाही परत मिळतो.

इथे एक इशारा, आणि तो हलका घेऊ नका. तुमचा गरम पाण्याचा बंब जुन्या पद्धतीचा, म्हणजे धूर आपोआप चिमणीने वर जाणारा असेल, तर फर्नेस त्या चिमणीतून काढल्यावर तो एकटा उरतो. चिमणी त्याला फार मोठी पडते आणि धूर नीट चढत नाही. त्यात घर घट्ट केलं आणि स्वयंपाकघराचा मोठा पंखा लावला की धूर उलटा घरात येऊ शकतो. फर्नेस बदलणाऱ्याला चिमणीच्या आतल्या नळीबद्दल आजच विचारा आणि फटी बुजवल्यावर धुराची चाचणी करून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक झोपायच्या खोलीच्या १० फुटांत असणं मिनेसोटात कायद्याने सक्तीचं आहे. तो आहे का, आणि जुनाट झालेला नाही ना, ते बघा.

आता काचेवरचं पाणी. रात्री दार बंद, खोलीत दोन माणसं आठ तास श्वास सोडतात. तुमचा मीटर बैठकीत १७ दाखवत असला तरी त्या खोलीत पहाटे २५-३० होत असतील. त्यात पडदे किंवा ब्लाइंड्स खालपर्यंत ओढलेले, म्हणून गरम हवा काचेपर्यंत पोचत नाही. आणि त्या काळच्या दुहेरी काचांच्या कडेला ॲल्युमिनियमची पट्टी असते, ती थंडी थेट आत आणते. २१ अंशांना ३० टक्के आर्द्रता असेल तर ३ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरतं. उणे १८ ला त्या काचेची खालची कड याहून थंड असतेच. म्हणून ब्लाइंड्स दोन-तीन इंच वर ठेवा, दार किलकिलं ठेवा, बराच फरक पडेल.

हेच गणित ४५ टक्क्यांना लावून बघा. तिथे दव धरायला साडेआठ अंश पुरतात. तेवढी थंडी काचेच्या नुसत्या कडेलाच नाही, मधल्या भागातही असते. पाणी ओघळून खिडकीच्या लाकडात मुरेल, दोन हिवाळ्यांत तिथे काळी बुरशी. तरी काच निदान डोळ्यांना दिसते. अ‍ॅटिक दिसत नाही. वरच्या फटींतून गेलेली दमट हवा छताच्या लाकडावर आणि बाहेर आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर बर्फ होऊन बसते, आठवडेच्या आठवडे साठते, आणि फेब्रुवारीत ऊन पडलं की सगळी एकदम वितळते. छत गळतं म्हणून लोक छतवाल्याला बोलावतात आणि तो वर जाऊन सांगतो, छत ठणठणीत आहे. अशा घरांत तळघरात उतरले की बहुतेक वेळा ह्युमिडिफायरचं बटण ४० च्या पुढे सापडतं. फटी न बुजवता ह्युमिडिफायर लावणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरत राहणं, फक्त इथे गळलेलं पाणी घराच्या लाकडात जातं.

बाहेरच्या तापमानाप्रमाणे किती आर्द्रता ठेवावी याचा ह्युमिडिफायरबरोबर येणारा तक्ता साधारण असा असतो: बाहेर उणे ७ सेल्सियस असेल तर ३५ टक्के, उणे १२ ला ३०, उणे १८ ला २५, उणे २३ ला २०, आणि उणे २९ ला अवघे १५. ४५ टक्के येतात ते बाहेर अधिक ४ अंश असताना, आणि तेव्हा यंत्राची फारशी गरजच नसते. अमेरिकेची पर्यावरण संस्था घरासाठी ३० ते ५० टक्के चांगले म्हणते, ते बरोबरच आहे, पण तो सल्ला साऱ्या देशाला आहे. आपल्यापैकी जे मुंबई-रत्नागिरीच्या हवेत वाढले त्यांना तर ३० टक्केही वाळवंट वाटतं. तरी १७ वरून ३० वर आलात की शॉक बसणं, ओठ फुटणं यांत बराच फरक जाणवेल. फरशीच्या फटी थोड्या राहतील. लाकूड हिवाळ्यात आकसतं आणि जुलैत पुन्हा फुगून फटी मिटतात, त्यात बिघाड काही नाही.

फटी बुजवल्यावर काय होईल? १९९४ चं घर नव्यासारखं घट्ट होणार नाही. तासाला निम्मी हवा बदलायची तिथे ३० टक्के बदलू लागली तरी मी समाधानी होईन. मग जानेवारीच्या सरासरी दिवशी काही न करता २०-२२ टक्के राहतील आणि कडक थंडीत ३० साठी दहाएक लिटरच कमी पडतील. एवढ्याने तुमचं भागत असेल तर प्रश्न मिटला. मुलाचा त्रास तरीही राहिला तर यंत्र लावा, आणि तेव्हा साधं, स्वस्त यंत्रही पुरून उरेल.

यंत्रांचे प्रकार म्हणाल तर तुमच्यासाठी बायपास प्रकारच योग्य. फर्नेसची गरम हवा एका ओल्या जाळीतून फिरते, वरून पाणी ठिबकतं, उरलेलं निचऱ्यातून जातं. त्यात पाणी साठून राहत नाही, म्हणून स्वच्छता सोपी. पाणी बरंच वाया जातं हा दोष मान्य. पंखा असलेला प्रकार डक्टला जागा कमी असेल तर घ्या. फिरत्या ड्रमचा जुना प्रकार, ज्यात पाण्याचं तबक असतं, फुकट मिळाला तरी नको. तबकात काय वाढतं ते मी उघडून बघितलंय. वाफेचं यंत्र हुकमी चालतं, पण एक लिटर पाण्याला पाऊण युनिट वीज, वेगळी वायर, दर हिवाळ्याला महागडा डबा, आणि किंमत सहज दुप्पट-तिप्पट. हीटपंप (एसीसारखंच, पण उलट चालून घर तापवणारं यंत्र) असलेल्या घरात त्याला अर्थ आहे, कारण तिथे डक्टमधली हवा बेताचीच गरम असते आणि ओली जाळी फारसं पाणी सोडत नाही. तुमचा गॅसचा फर्नेस आहे, तुम्हाला त्याची गरज नाही. बायपास यंत्राच्या खोक्यावर ‘दिवसाला १७ गॅलन’ छापलेलं असतं, ते फर्नेस चोवीस तास चालला आणि डक्टमधली हवा १२० फॅरनहाइट असली तर. प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी मिळेल, तरी दहा लिटर, म्हणजे पावणेतीन गॅलन, म्हणजे काहीच नाही.

बसवताना चार गोष्टींवर अडून राहा. पाण्याच्या पाइपला टोचून बसवतात तो छोटा व्हॉल्व्ह नको, तो आज ना उद्या ठिबकतो. पाइप कापून टी (तीन तोंडांचा जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह लावायला सांगा. नियंत्रणाला बाहेरचा तापमान सेन्सर हवा, म्हणजे थंडी वाढली की आर्द्रता आपोआप खाली येते. तो नसेल तर बटण तुम्हालाच रोज फिरवावं लागेल, आणि ते कुणीही फिरवत नाही. निचऱ्याची नळी सलग उताराने फ्लोअर ड्रेनपर्यंत जायला हवी. आणि बायपासची झडप हाताला लागेल अशा जागी हवी, कारण एप्रिलमध्ये ती आणि पाणी दोन्ही बंद करायचं असतं. ती उघडी राहिली तर उन्हाळ्यात एसीची थंड हवा तिथूनच परत फिरते आणि एसीच्या थंड नळ्यांवर, म्हणजे कॉइलवर, बर्फ धरतो. जाळी दर ऑक्टोबरला बदलायची. उपनगरांत विहिरीचं जड पाणी असतं, क्षाराने ती एका हिवाळ्यात दगड होते. ८०० डॉलर हा भाव या सगळ्यासकट असेल तर वाजवी आहे. पुढच्या वर्षी वेगळं बसवायला थोडं जास्त पडेल, म्हणूनच निचरा, वायर आणि डक्टला सपाट जागा आत्ता ठेवून घ्या असं म्हटलं.

तोवर मुलाचं काय? त्याच्या खोलीत एक छोटा ह्युमिडिफायर ठेवा, ओल्या वातीचा, पंख्याचा. थंड धुकं सोडणारा अल्ट्रासॉनिक स्वस्त आणि शांत असतो, पण नळाच्या पाण्यातले क्षार तो हवेत उडवतो आणि सगळीकडे पांढरी पूड बसते. घ्यायचाच तर डिस्टिल्ड पाणी वापरा. पाणी रोज बदला, टाकी वरचेवर घासा. त्यात निलगिरीचं तेल, बाम, जंतुनाशक असं काहीही घालू नका. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायच्या जंतुनाशकाने कित्येक माणसांची फुप्फुसं निकामी झाली आणि मृत्यूही झाले. २०११ मध्ये ते उघडकीस आलं. घोळणा वारंवार फुटत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. नाकाला आतून काय लावायचं ते त्यांनी सांगावं, मी नाही.

तबल्यासाठी सगळं घर दमट करायची गरज नाही. कोरड्या हवेत पुडी ताणली जाऊन सूर चढतो, लाकूड आकसतं. तंबोरा असेल तर भोपळ्याला चीर जायची भीती जास्त. वाद्यांना ४०-५० टक्के मानवतात, आणि तेवढे पेटीत किंवा घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात सहज ठेवता येतात. गिटारसाठी आर्द्रतेची छोटी पाकिटं मिळतात, ४९ टक्क्यांच्या आसपास हवा धरून ठेवणारी. तबला-डग्ग्याच्या पेटीत तीन-चार टाका, सोबत तो मिठाने तपासलेला मीटर ठेवा, आणि पाकिटं कडक झाली की बदला. वाजवून झालं की वाद्यं पेटीत परत, आणि पेटी व्हेंटपासून लांब.